कोणाच्या पंगतीला बसावं?

दृढीकरणाच्या वर्गात, तरुण संघाच्या शिबिरात, मे महिन्यातल्या सुटीच्या बायबल शाळेत 'संगत' हा विषय दर वर्षी असतोच. उपदेशही ठरलेला असतो: वाईट संगत टाळा, चांगल्यांत मिसळा. मुलं माना डोलावतात आणि बाहेर पडल्यावर आपापल्या टोळक्यात जातात. यात मुलांचा दोष थोडा आणि उपदेशाचा जास्त आहे. वाईट कोण हे ओळखायचं कसं, ओळखल्यावर त्यातून निघायचं कसं आणि निघाल्यावर रिकाम्या झालेल्या संध्याकाळचं करायचं काय, यातलं काहीच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. शिवाय सांगणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसांना वाटत असतं, की आपलं संगतीनं बिघडायचं वय केव्हाच सरलं.

'कुसंगतीने नीती बिघडते' हा पौलाचा प्रसिद्ध इशारा आपल्याला पाठ असतो. करिंथकरांस पहिलं पत्र, पंधरावा अध्याय. ते शब्द पौलाचे स्वतःचे नव्हेत. मिनँडर या ग्रीक नाटककाराच्या नावावर सांगितली जाणारी ती त्या काळची म्हण होती आणि पौलानं ती वापरली. पण तो अध्याय काढून आख्खा वाचा. तिथे गुत्त्याचा विषय नाही, मूर्तिपूजक शेजाऱ्याचाही नाही. विषय आहे पुनरुत्थानाचा. मंडळीतलेच काहीजण म्हणत होते की मेलेले उठत नाहीत. उठायचंच नसेल तर मग खाऊनपिऊन घ्या, उद्या मरायचंच आहे, अशा वळणाला हा विचार जातो हे पौलाला दिसत होतं. असं बोलणाऱ्यांच्या सहवासाबद्दल तो सावध करतो आहे, आणि ते बोलणारे उपासनेत शेजारी बसणारे होते. त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात तो आणखी उघड बोलतो. जगातल्या लोभी आणि लुबाडणाऱ्या लोकांशी संबंधच ठेवू नका असं मी म्हटलं नव्हतं, तसं करायचं तर जगातूनच निघून जावं लागेल. पण जो स्वतःला बंधू म्हणवतो आणि तरीही लोभी, निंदक, दारुडा किंवा लुबाडणारा आहे, त्याच्या पंगतीला बसू नका.

हे नीट समजून घेणं आपल्याला फार गरजेचं आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती लोकांचं प्रमाण एक टक्क्याच्याही किंचित खाली होतं. वसईसारखे काही भाग सोडले तर आपला वर्गमित्र, बाकावरचा सहकारी, वरच्या मजल्यावरची काकू, उसनं द्यायला धावून येणारा दुकानदार हे सगळे बहुधा दुसऱ्या धर्माचे असतात. 'चांगली संगत म्हणजे ख्रिस्ती संगत' हा हिशोब लावला तर एक तर माणूस घुसमटतो, नाहीतर उपदेश ऐकून सोडून देतो. आपल्या घरच्या इतिहासानंही हा हिशोब मान्य केलेला नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा 1895 साली बाप्तिस्मा झाला. पुढे अहमदनगरच्या त्यांच्या घरात बालकवी ठोमरे येऊन राहिले, कवितेत रमले, टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या मायेत वाढले. बालकवी हिंदूच राहिले. त्या मैत्रीनं टिळकांच्या विश्वासाला कुठे चरा गेल्याचं कोणी म्हटलेलं नाही, आणि मराठी कवितेचं तर भलंच झालं.

तेव्हा धर्मावरून चाळणी लावणं आधी थांबवा. त्या चाळणीतून चांगला मित्र खाली पडतो आणि वाईट बंधू वर राहतो.

मग पारख कशावरून करायची? त्यासाठी दावीदाच्या गोष्टीतली दोन माणसं शेजारी उभी करून पाहावीत. पहिला योनाथान. शौल दावीदाच्या जिवावर उठला होता आणि दावीद जीफच्या रानात लपला होता. योनाथान शौलाचा मुलगा, म्हणजे दावीद राजा झाला तर सिंहासन त्याचं जाणार. तरी तो रानात गेला आणि देवावरच्या भरवशात त्यानं दावीदाला उभारी दिली. त्या भेटीत योनाथानाला मिळवण्यासारखं काही नव्हतं, गमावण्यासारखं मात्र सगळं होतं. दुसरा योनादाब. हा दावीदाचा पुतण्या आणि दावीदाचा मुलगा अम्नोन याचा मित्र. पवित्र शास्त्र त्याला 'मोठा धूर्त' म्हणतं. अम्नोन दिवसेंदिवस सुकत चालला हे सगळ्यात आधी यालाच दिसलं, आणि किती आपुलकीनं त्यानं विचारपूस केली! अम्नोनानं सावत्र बहीण तामार हिच्याबद्दलची वासना बोलून दाखवली तेव्हा योनादाबानं त्याला थांबवलं नाही. आजारी पडल्याचं सोंग कसं करायचं हे शिकवलं. त्यातून एका मुलीचं आयुष्य उद्ध्वस्त झालं. दोन वर्षांनी तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम यानं अम्नोनाचा खून करवला. सगळे राजपुत्र मारले गेले अशी बातमी आली, तेव्हा हाच योनादाब दावीदाजवळ उभा राहून शांतपणे सांगतो, की सगळे नव्हेत, एकटा अम्नोन मेला, अबशालोमाच्या मनात हे त्या दिवसापासूनच होतं. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. मित्र मेला आणि सल्ला देणारा राजाच्या कानाशी सुखरूप उरला.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला तेरावा अध्याय कुमारांच्या वर्गात शिकवायला आपण संकोचतो. माझ्या मते संगतीवर याहून उपयोगी धडा पवित्र शास्त्रात दुसरा नाही. हानी करणारा मित्र शिवीगाळ करत, दारूचा वास मारत येतो असं आपण मुलांना सांगतो. योनादाब काळजी घेणारा होता, हुशार होता आणि नात्यातला होता. त्याची खूण एवढीच, की तुमच्या मनात जे वाईट आहे त्याला तो वाट काढून देतो. परीक्षेत कॉपी करायची आहे? तो सोय करेल. घरी खोटं सांगायचं आहे? 'माझ्याकडे अभ्यासाला होतास म्हणून सांग' असं तो म्हणेल. बायकोशी भांडण झालं? तुमचंच कसं बरोबर आहे हे तो तासभर पटवून देईल. आणि निस्तरायची वेळ आली की तो तिथे नसेल.

अशा माणसाची परीक्षा घ्यायची एक साधी रीत आहे. त्याला एकदा नाही म्हणा. मोठ्या तात्त्विक गोष्टीत नको, लहानशा बाबतीत: आज मी येत नाही, मी यात पैसे घालणार नाही, मला हा विनोद आवडला नाही. मग पुढच्या आठवड्यात काय होतं ते पाहा. मित्र असेल तर थोडा हिरमुसेल आणि पुन्हा बोलायला लागेल. नसेल तर चेष्टा सुरू होईल, 'फादर झालास काय' म्हणून टोमणे येतील, गटातून वगळल्याची जाणीव करून दिली जाईल. ज्या मैत्रीत नकार चालत नाही तिथे होकारालाही किंमत नसते, तो गृहीतच धरलेला असतो.

दुसरी खूण स्वतःकडे पाहून कळते. त्या मंडळींतून उठून घरी आल्यावर तुम्ही कसे असता? आईवर खेकसता का? मोबाइल उपडा ठेवता का? एखाद्या माणसाबद्दल सकाळपर्यंत तुमच्या मनात काही नव्हतं आणि संध्याकाळी त्याचा राग यायला लागला, असं होतं का? नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायात तापट माणसाशी मैत्री करू नये असं सांगून पुढे कारणही दिलं आहे: त्याची रीत तू शिकशील आणि सापळ्यात सापडशील. राग शिकला जातो. कुत्सितपणा शिकला जातो, आणि पगार कितीही असला तरी कमीच आहे ही रडही. या सवयींची नोंद पोलिसांत होत नाही, म्हणून त्यांना आपण कुसंगत म्हणत नाही, एवढंच.

वयाचा प्रश्न वेगळा. शलमोनाचा मुलगा रहबाम गादीवर आला तेव्हा लोक कर आणि वेठबिगारीचं ओझं हलकं करा म्हणून विनवायला आले. बापाच्या पदरी राहिलेल्या वृद्धांनी सांगितलं, आज यांच्याशी गोड बोल, ते कायमचे तुझे होतील. बरोबर वाढलेल्या मित्रांनी सांगितलं, दम भर. त्यानं मित्रांचं ऐकलं आणि दहा वंश हातचे गेले. प्रवचनात ही गोष्ट तरुणांना सुनावण्यासाठी वापरतात. पण दोन अध्याय पुढे त्याचं वय दिलं आहे: राज्यावर आला तेव्हा रहबाम एकेचाळीस वर्षांचा होता. म्हणजे त्याचे हे 'तरुण' मित्र कॉलेजच्या कट्ट्यावरचे नव्हते, सेवानिवृत्तीच्या निधीचा विचार सुरू होतो त्या वयाचे होते. एकाच वयाची, एकाच कमाईची, एकाच तक्रारीची माणसं रोज एकत्र बसली की त्यांना बाहेरचं काही ऐकू येत नाही. हे सोसायटीच्या बाकावरच्या ज्येष्ठांनाही लागू आहे. तेव्हा आपल्या जवळच्या माणसांत वीसेक वर्षांनी मोठं एक आणि तितकंच लहान एक माणूस असावं अशी खटपट करा.

आता जरा अवघड जागी येऊ. आपल्याला सगळ्यात जास्त धोका बहुधा भल्या माणसांच्या संगतीतून असतो. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीला जेवत असे. यरुशलेमेतून याकोबाकडची माणसं आली, तसा तो हळूहळू मागे सरला आणि वेगळा बसू लागला. आलेले लोक चोर-दरोडेखोर नव्हते, कडक धार्मिक होते. त्यांच्या भीतीनं पेत्रासारखा माणूस पंगत सोडून उठला, आणि त्याचं पाहून बर्णबाही ओढला गेला. पौलानं पेत्राला सगळ्यांसमोर खडसावलं, हे तो स्वतः गलतीकरांस लिहितो.

ही पंगत आपल्याकडे अजून मोडते. बाप्तिस्म्याला चार-पाच पिढ्या झाल्या तरी लग्नाच्या बोलणीत पूर्वीची जात हळूच विचारली जाते. 'अमक्या मिशनचे', 'तमक्या गावचे' असे तट मंडळीत पडलेले असतात. उपासना संपली की आवारात जे घोळके जमतात त्यांत कुठला घोळका कोणाचा हे नव्या माणसालाही महिन्याभरात कळतं. मंडळीच्या निवडणुका आणि मिळकतीचे दावे यांनी तर सख्खे भाऊ बोलेनासे केले आहेत. तुमचा मुलगा अशा घोळक्यात वर्षभर उभा राहिला तर तो सिगारेट शिकणार नाही कदाचित. पण पाळकांच्या बायकोची साडी, कोषाध्यक्षांचा फ्लॅट, कोणाच्या मुलीचं कोणाबरोबर दिसणं, हे सगळं चघळायला शिकेल, आणि तेही प्रार्थनेच्या विनंतीच्या नावाखाली. 'तिच्यासाठी प्रार्थना करा, तुम्हाला म्हणून सांगते' अशा सुरुवातीनंतर जे येतं ते नव्वद टक्के निंदा असते. तिथून पाय काढता घ्यायला शिकवणं हा संगतीच्या धड्याचाच भाग आहे.

याहून गंभीर प्रकार घरोघरी चालणाऱ्या काही गटांत दिसतो. घरप्रार्थना ही फार चांगली गोष्ट आहे. मोठ्या मंडळीत हरवलेल्या माणसाला तिथे कोणी नावानं हाक मारतं. पण एखादा पुढारी तुम्हाला आईवडिलांशी, जुन्या मंडळीशी, डॉक्टरांशी बोलण्यापासून तोडायला लागला, औषध बंद करणं म्हणजे विश्वास असं सांगू लागला, दशमांश घेऊन हिशोब मागणाऱ्याला बंडखोर ठरवू लागला, तर तो कितीही उत्तम प्रार्थना करत असो, तिथून उठा. योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाचा असाच एक गृहस्थ आहे. त्याला पहिलं स्थान हवं असतं, आलेल्या बंधूंना तो स्वीकारत नाही आणि स्वीकारणाऱ्यांना मंडळीबाहेर घालवतो. चांगल्या मार्गदर्शकाला तुमचे प्रश्न सोसवतात. पंडिता रमाबाईंचा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटिजला बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर त्यांनी आपल्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांच्याशी श्रद्धेच्या मूलभूत मुद्द्यांवर पत्रांतून खडाजंगी वाद घातले. आपल्या विवेकाचं स्वातंत्र्य त्यांनी कोणाकडे गहाण टाकलं नाही. वाद झाला, मनं दुखावली, तरी पत्रं थांबली नाहीत. अशी माणसं शोधा.

गुप्ततेबद्दलही एक गोष्ट आपल्याच इतिहासात आहे. 1849 साली मुंबईत परमहंस सभा निघाली. जातिभेद मोडायचा हा तिचा हेतू उत्तम होता. पण सगळं बंद दाराआड. ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव सभासदांनी खायचा आणि बाहेर मात्र कोणाला कळू द्यायचं नाही. बाबा पदमनजी तरुणपणी या सभेत होते. पुढे 1854 साली त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला आणि त्याची किंमत मोजली. सभेच्या सभासदांची नावं फुटल्यावर 1860 च्या सुमारास सभा विरून गेली. त्या तरुणांना मी वाईट म्हणणार नाही. त्या काळी एवढं धाडसही फार थोड्यांनी केलं. तरी ज्या मित्रमंडळाचं धैर्य दार लावल्यावरच सुरू होतं, त्याच्या भरवशावर आयुष्याचे निर्णय घेऊ नयेत. तुमच्या घरी कळलं तर चालणार नाही असं ज्या गटात रोज काही घडतं, त्या गटाबद्दल आधी शंका घ्या.

मोबाइलबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर सगळेच बोलतात. ज्याचा आवाज तुम्ही रोज तासभर ऐकता तो तुमचा सोबती आहे, मग तो तुम्हाला ओळखत नसला तरी. दिवसभर रील, रात्री ऑनलाइन रमी आणि सकाळी कुठल्याशा ओरडणाऱ्या प्रचारकाची क्लिप, यातून तयार होणाऱ्या मनाला रविवारची दीड तासाची उपासना पुरी पडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे जे गट तुम्हाला चिडवण्यासाठीच चालवले जातात ते आज संध्याकाळी सोडा. कोणाला कळवावं लागत नाही.

माणसांना सोडणं मात्र एवढं सोपं नाही. ते ताबडतोब आणि जाहीर करून करू नका. 'मी आता तारलेला आहे, तुम्ही जगिक आहात' असं सांगून मित्र तोडणारा तरुण सहा महिन्यांनी एकटेपणाला कंटाळून त्याच मित्रांकडे परत जातो, आणि या वेळी त्याला तोंड दाखवायलाही जागा नसते. रामराम तोडू नका, वेळ आणि जागा बदला. रात्री दहाला बसणाऱ्या मित्राला दुपारी चहाला भेटा. निघताना कारणांची यादी देऊ नका. 'आज नको, मी निघतो' एवढं पुरतं, कारण प्रत्येक कारणाला त्यांच्याकडे उत्तर तयार असतं. उसने पैसे अडकले असतील तर ते बुडाले समजून मोकळे व्हा, वसुलीसाठी पुन्हा त्याच बैठकीत जाऊ नका. मोकळ्या झालेल्या संध्याकाळी काय करायचं हे आधी ठरवा: गायनवृंदाचा सराव, मैदान, एखादी शिकवणी, काहीही. रिकामी संध्याकाळ जुन्या ठिकाणी घेऊन जाते.

जिथे मारहाण आहे, लैंगिक त्रास आहे, फोटो पसरवण्याची धमकी आहे, तिथे यातलं हळूहळू काही करायचं नाही. तिथून ताबडतोब बाहेर पडायचं आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं. लहान मुलांसाठी 1098 आणि स्त्रियांसाठी 181 हे मदतीचे क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ असावेत. अशा वेळी 'क्षमा कर आणि तिथेच राहा' असा सल्ला मंडळीतल्या कोणी दिला तर तो मानू नका. क्षमा मनातून करता येते, त्यासाठी मार खात राहावं लागत नाही.

'पण येशू पापी लोकांबरोबर जेवला ना?' हा प्रश्न येणारच, आणि योग्य आहे. लेवीच्या घरी जकातदारांच्या पंगतीत तो बसला, जक्कयाच्या घरी तर स्वतःहून गेला. पण ते जेवण झाल्यावर बदललं कोण, हे पाहा. जक्कयानं अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं कबूल केलं. तुम्ही व्यसनी मित्राच्या सुधारणेसाठी त्याच्याबरोबर बसत असाल आणि वर्षभरानंतर ग्लास तुमच्याही हातात असेल, तर सुधारणा उलट्या दिशेनं चालली आहे. चुकलेल्याला सौम्यतेनं सावरा आणि स्वतःवरही नजर ठेवा, असं पौल गलतीकरांना एका दमात सांगतो. म्हणून अशा कामाला एकट्यानं जाऊ नये. आणि दारू हा आजार झालेल्या माणसाला प्रार्थनेबरोबर उपचार लागतात. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हे काम करतं आहे, अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा अनेक शहरांत भरतात. मित्राला तिथपर्यंत घेऊन जाणं हे त्याच्याबरोबर रात्र जागवण्यापेक्षा मोठं मित्रकर्तव्य आहे.

लग्नाचा जोडीदार हा मात्र 'संगत' या सदरात टाकून देण्याचा विषय नाही. लग्नापूर्वी श्रद्धेचा विचार जरूर करा, खुलेपणानं करा. पुढे मुलांना कोणत्या वाटेनं न्यायचं हे आधी बोलून घ्या. पण लग्न झालेलं असताना एक विश्वासणारा आणि दुसरा नसेल, तर दुसरा राहायला तयार असेतो सोडू नका, असं पौलाचं सांगणं आहे. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाईंना ख्रिस्ती व्हायला पाच वर्षं लागली, आणि ती वर्षं किती जड गेली हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लपवलेलं नाही.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जालना, श्रीरामपूर, सोलापूरहून पुण्या-मुंबईला येणाऱ्या मुलामुलींना एक खास सूचना. पहिला महिना फार महत्त्वाचा. त्या महिन्यात जो जेवायला सोबत येतो तोच बहुधा पुढची तीन वर्षं मित्र राहतो, म्हणून पहिला भेटला त्यालाच चिकटू नका. पहिल्या दोन रविवारांत एखादं चर्च गाठा आणि तिथे पाळकांना किंवा फादरांना भेटून नाव सांगा. मागच्या बाकावर बसून परत येऊ नका, नाहीतर वर्षभर तुम्हाला कोणी ओळखणार नाही. खोलीत कोण सोबत आहे याचा परिणाम किती दूरवर जातो, याचा पुरावा गोव्यात आहे. पॅरिसच्या विद्यापीठात सेंट बार्बरा कॉलेजात फ्रान्सिस झेवियर आणि पीटर फेबर एका खोलीत राहत. 1529 साली त्यांच्यात इग्नेशियस लोयोला हा वयानं पंधरा वर्षांनी मोठा, पाय अधू झालेला विद्यार्थी आला. फेबर लवकर वळला. झेवियर महत्त्वाकांक्षी, त्याला हा माणूस सुरुवातीला आवडलाही नाही. इग्नेशियसनं घाई केली नाही. अडचणीला पैसे दिले, माणसं जोडून दिली. पुढे झेवियरनं भावाला पत्र लिहिलं, त्यात याच मित्रानं आपल्याला वाईट सोबतीतून सोडवलं असं म्हटलं. 1542 च्या मे महिन्यात झेवियर गोव्याला उतरला.

असा मित्र मिळत नाही म्हणून रडण्याऐवजी तसं होता येईल का, हेही पाहावं. यरुशलेमेतले शिष्य शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, भीत होते तेव्हा बर्णबानं त्याचा हात धरून त्याला आत नेलं. पंफुल्यात काम सोडून गेलेल्या मार्काला पौलानं नाकारलं तेव्हाही बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला. आयुष्याच्या अखेरीस पौल तीमथ्याला लिहितो, देमास मला सोडून गेला, मार्काला घेऊन ये, तो माझ्या उपयोगाचा आहे. बर्णबानं हात सोडला असता तर पौलाला बोलवायला मार्क उरला नसता.

तुमच्या मंडळीतही असा कोणीतरी असेल: व्यसन सोडून आलेला, घटस्फोट झालेली, नव्यानं विश्वासात आलेला, दुसऱ्या गावाहून बदली होऊन आलेलं कुटुंब. लोक त्यांच्याकडे पाहून हसतात आणि आपल्या घोळक्यात परततात. येत्या रविवारी उपासना संपल्यावर त्यांच्यापैकी एकाला थांबवा आणि दुपारी घरी जेवायला बोलवा.